लोखंड सांगून जातं

“सद्या, मागं हो! बीम बोलायला लागलाय, तू गप!”

हिराजी ओरडला, पण मी कसला गप बसतोय? पनवेलच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तो यंत्राखाली बीम मोडायचा आणि मी शेजारी उभा राहून शांतता मोडायचो. पाताळगंगा नदीत मी म्हणे पाहिलेली मगर माझ्या गोष्टीत दर वर्षी दोन हात वाढायची, आणि शाळासोबती म्हणून ती त्यालाच शंभरदा ऐकावी लागायची. तो गेल्याला आता सहा आठवडे झाले. बातमी पळस्पे फाट्यावर फोनवर कळली, आणि ज्याची हाक गोव्यापर्यंत पोचते तो मी, गाडी कडेला घेऊन नुसता बसून राहिलो...

मी सुकापूरचा ठेकेदार. काँक्रीटात घालायची फायबरची सळई नवी आली तेव्हा ती लोखंडासारखी साइटवरच वाकवायला गेलो. काड्‌कन तुटली, पार हिराजीच्या आपटा गावापर्यंतचे बगळे उडाले म्हणतात. म्हणतो मीच. हिराजी हसून बेजार. “आरं येड्या, ही गंजत नाय, पन वाकत बी नाय. कारखान्यातनंच वळवून आनायची.” मग त्याने दोन बीम मोडून दाखवले. नुसत्या फायबरचा बीम वजन पेलत राहिला, पेलत राहिला... आणि एकदम फाट्‌कन गेला. दुसऱ्यात फायबरच्या जोडीला लोखंड होतं. तो वाकला, कण्हला, तड्यावर तडा दाखवत बराच वेळ तगून राहिला. प्रत्येक तड्याशेजारी पेन्सिलीने वजन लिहीत हिराजी म्हणाला, “लोखंड सांगून जातं, सद्या. पळायला येळ देतं.”

आणि हाच माणूस मला न सांगता गेला. त्याचं हृदय वर्षभर कुरकुरत होतं, हे मला थेट दहाव्याला कळलं. दुःखापेक्षा रागच जास्त आला, खोटं कशाला बोलू?

परवा आपट्याला गेलो. तो दुसरा बीम हिराजीने कॉलेजातून मागून आणून अंगणात बसायला टाकलाय. पेन्सिलीचे आकडे अजून दिसतात. त्यावरच बसलो. वहिनी समोर सुकट निवडत होत्या.

“वहिनी, तुमचा नवरा नुसत्या फायबरचा निघाला. मला एक तडा दाखवला नाही!”

त्यांनी मान वर केली नाही.

“दिवाळीत तुमच्यासंगं फाटकापासनं इथवर येताना ते दोनदा खाली बसले, भावजी. छातीवर हात ठेवून म्हनाले, सद्या, जरा ऐक. तुमी मगरीचं सांगत व्हतात.”