दुसरी हार्ड डिस्क

"थोरल्या आबांचा कॉम्प्युटरला विरोध होता. ते पुण्याच्या दुकानातून उठून आले होते. आप्पांनी जिद्द धरली, म्हणून आज हा दिवस दिसतो आहे."

शिरूरला माझ्या पुतण्याने नवा स्टुडिओ थाटला, त्या उद्घाटनात निवेदकाने हे सांगितले. थोरले आबा म्हणजे मी. आप्पा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो व्यासपीठावर बसून मान डोलावत होता. मी पहिल्या रांगेत, मांडीवर शाल घेऊन बसलो होतो. टाळ्या पडल्या, तेव्हा मीही दोन वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या माणसाने हात गप्प ठेवले तर त्याचीही एक गोष्ट तयार होते. ही गोष्ट मी लग्नांत, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमांत, अगदी स्वतःच्या नातवाच्या तोंडूनही ऐकली आहे. दरवेळी ती खोडून काढायची उमेद आता राहिलेली नाही. परंतु घरातल्या मुलांनी मला 'आडवा आलेला माणूस' म्हणून लक्षात ठेवावे, हे मला मान्य नाही. म्हणून हे लिहितो.

दुकानातून मी उठून आलो, हे खरे आहे. का उठलो, ते व्यासपीठावरून कुणी सांगत नाही.

दौंडला आमचा फोटो स्टुडिओ होता, आणि नव्वदीच्या दशकात आम्ही लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट करू लागलो. दोन व्हीसीआर समोरासमोर मांडायचे, बटणावर बोट ठेवायचे आणि एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचे, ही आमची एडिटिंग. दोन हजार सालानंतर पुण्याची मंडळी कॉम्प्युटरवर काम करू लागली, तेव्हा आपणही घ्यावा हे प्रथम मी बोललो. भाऊ त्या वेळी नवा कॅमेरा घ्या म्हणत होता. असो. ते सिद्ध करायला माझ्याजवळ साक्षीदार नाही, म्हणून त्यावर मी भर देत नाही.

पुण्याच्या दुकानात कॉम्प्युटर जुळवून देणारा मुलगा चुणचुणीत होता. आमचा पैसा ठरलेला होता. एका सुट्या भागावर जास्त घातला, की दुसऱ्यावर कमी पडणार. भावाला सर्वांत वरचा प्रोसेसर आणि गेम खेळणारे घेतात तसले भारी ग्राफिक्स कार्ड हवे होते, कारण त्यावर पान उलटावे तसे चित्र उलटायचे आणि नवरा-नवरी गुलाबातून बाहेर येत. मी म्हणालो, प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, ग्राफिक्स कार्ड साधे द्या. कॅप्चर कार्ड मात्र चांगले द्या, कारण कॅसेटवरचे चित्र आत घेणार ते तेच. आणि हार्ड डिस्क दोन बसवा. एकीवर सॉफ्टवेअर, दुसरीवर फक्त चित्र. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवणे म्हणजे एकाच दारातून वऱ्हाड आत घ्यायचे आणि त्याच दारातून पंगतीची भांडी बाहेर काढायची. अशा गर्दीत चित्राचे तुकडे गळतात, आणि मग आवाज पुढे जातो, ओठ मागे राहतात.

मुलगा हसला. "काका, लग्नाची फिल्म केवढी? तासाची. एक डिस्क रग्गड झाली."

"तुमच्याकडे तासाची. आमच्याकडे तासात नुसते फेटे होतात."

"दादा, तू गप की जरा," भाऊ म्हणाला. "त्यांना कळतंय त्यातलं."

"त्यांना कॉम्प्युटर कळतो. मांडवगणची लग्नं कळत नाहीत."

यात मी काहीही वाढवून सांगितलेले नव्हते. आमच्या बौद्ध लग्नांत वंदना आणि प्रतिज्ञा थोडक्यात होतात. हिंदू लग्नांत मंगलाष्टकेही आटोपतात. पण सत्काराचा धर्म सगळ्यांचा एक. सरपंच, कारखान्याचे संचालक, दोन्हींकडचे मामा, मामांचे व्याही, असे एकेक नाव माईकवर पुकारायचे, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा. कॅसेट घरी गेली की माणसे नवरी पाहत नाहीत, आपला फेटा शोधतात. यातले काही कापायचे नसते. कापणार नाही त्याला जागा लागते, आणि तीन तास सलग न अडखळता चित्र घेणारे यंत्र लागते. गुलाब नसला तर कुणाचे काही अडत नाही.

मुलगा म्हणाला, दुसऱ्या डिस्कचा आग्रह असेल तर आज जमणार नाही. मी उठलो. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने दौंड स्टेशनवर उतरलो, ते सगळ्या आळीने पाहिले. पुढच्या आठवड्यात मी एकटा जाऊन, सांगितला होता तसाच कॉम्प्युटर जुळवून आणला, ते कुणाच्या लक्षात नाही. रिक्षातून खोके उतरले, तेव्हा दुपार होती आणि माणसे झोपली होती.

त्या यंत्रावर आम्ही दोन हंगाम काढले. ते संथ होते, हे मी कबूल करतो. नवरा-नवरीच्या नावांची अक्षरे फिरवायला घातली की चहा पिऊन यावे, पाटसच्या गाडीतून उतरलेल्या गिऱ्हाइकाची विचारपूस करावी, तरी ती फिरतच असत. भाऊ कुरकुरायचा. अखेर त्याने आपल्या पसंतीचा दुसरा कॉम्प्युटर आणला. पारदर्शक खोके, आत निळा दिवा, वरचा प्रोसेसर आणि एकच डिस्क. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी त्या दिव्याकडे बघे.

मग निमोणे गावचे एक लग्न आले. डिस्क भरत आली, म्हणून भावाने सत्कार आटोपता घेतला. त्यावर सनईचे संगीत टाकले आणि पाहुणे एकामागून एक हृदयाच्या आकारातून सरकवले. उरलेल्या भागात भाषण एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. चौथ्या दिवशी नवरीचे मामा जीप घेऊन दुकानात हजर.

"आप्पा, आमचं सरपंच बदामात बसीवलं तुमी. बसू द्या. आन् मी कुठं हाय?"

"मामा, हायेत की तुम्ही. पटकन जातंय ते."

"पटकन? आवं, धा मिनटं फेटा बांधत हुता त्यो मानूस माझ्या डोक्याला! आन् कॅशेटीत मी जीपवानी निघून जातो व्हय?"

मामा माझ्याकडे वळले. "आबा, तुमी करा. त्यो निळा दिवा न्हाई पायजे आमाला."

ती कॅसेट मी संथ यंत्रावर पुन्हा केली. मामांचा फेटा पहिल्या वळशापासून तुऱ्यापर्यंत आला. भाऊ आजही म्हणतो, की गिऱ्हाईक अडाणी होते. म्हणो.

त्यानंतर काही महिन्यांत आम्ही वेगळे झालो. भांडण मोठे नव्हते. त्याची सासुरवाडी शिरूरची, तिथे गाळा मिळत होता, आणि मला दौंड सोडायचे नव्हते. सामानाचे वाटे पाडायला आमचे सख्खे मामा येऊन बसले. आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे : वाटे थोरल्याने पाडायचे आणि पहिली उचल धाकट्याची, म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. मी सतरंजीवर दोन ढीग लावले. कॅमेरे सारखे, दिवे सारखे, व्हीसीआर सारखे. फरक फक्त कॉम्प्युटरचा. एका ढिगात त्याचा नवा आणि दुसऱ्यात माझा जुना.

"उचल," मामा म्हणाले.

भावाने वेळ लावला नाही. "दादा, सीझन तोंडावर आलाय," एवढेच तो म्हणाला.

यावर कुणी काय बोलायचे ते बोलावे. मी आता वाद घालणार नाही. शिरूरचा स्टुडिओ ज्या कॉम्प्युटरवर सुरू झाला, तो माझ्या भावाने पहिल्या उचलीत, माझ्या मामांच्या देखत, निळा दिवा सोडून उचललेला दोन डिस्कांचा होता.