आंधळ्या मुंगीचे डोळे

आषाढ लागला की आमच्या घरात माणसांना जागा नसायची. घर कसलं, पेणजवळच्या जोह्यातल्या एका गणपतीच्या कारखान्याला टेकून काढलेली पडवी. वडील त्या कारखान्यात रंगाच्या कामाला. कारखाना भरला की मालक उरलेल्या मूर्ती आमच्याकडे आणून ठेवायचा. फळ्यांवर गणपती, फळ्यांखाली आम्ही. दहावीचा अभ्यास मी अशाच एका फळीखाली पालथी पडून केला आहे. चुकून डोकं वर केलं तर आई ओरडायची, "डोस्कं फुटलं तर फुटू दे, सोंड मोडू नको गो!" गणपती गेले की जागा व्हायची, पण कामही जायचं. मग आई लोकांची भातं कापायला जायची आणि वडील मिळेल ते करायचे. दोन्ही वेळा पेज आणि सुकट. रडगाणं म्हणून लिहीत नाही. होतं ते असं होतं.

आमच्यात कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. मी गेले, तेही सायन्सला. पेणहून रोह्याची एस्टी पकडायची. गाडीत धाटावच्या कंपन्यांतले शिफ्टवाले असत. मला बघून एकमेकांना म्हणायचे, "सरक रे, डॉक्टरीणबाईंना बसू दे." मी डॉक्टर होणार नाही, झूलॉजी शिकते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

शेवटच्या वर्षाला मी नापास झाले. लेखीत पास होते, पण प्रॅक्टिकलची तोंडी गेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरं मला येत होती, पण तोंड उघडलं नाही. घरी आले तर वडील रागावले नाहीत. दोन दिवसांनी एवढंच म्हणाले, "अजून एक डाव बघ. त्याच्या म्होरं नाय जमायचं मला. मंग कंपनीत लाग, नायतर माझ्यासंगं रंगाला बस." त्यांचं बरोबर होतं. मागे धाकटी बहीण होती.

दुसऱ्या खेपेला प्रोजेक्ट करायचा होता. आमच्या सरांनी विचारलं, "तुझ्या हाताला काय येतं?" म्हटलं, शाडू. त्यांनी एक जाडजूड परदेशी पुस्तक समोर ठेवलं. जगभरच्या मुंग्यांची रंगीत चित्रं! मी तर बघतच बसले. आम्हाला मुंगी म्हणजे साखरेतली लाल, भिंतीवरचा डोंगळा आणि आंब्यावरची ओंबील. इथे एकीचं पोट मधाने द्राक्षासारखं फुगलेलं, ती जन्मभर वारुळाच्या छताला टांगून राहते आणि बाकीच्या भुकेल्या झाल्या की तिच्या तोंडातून मध घेतात. एकीचं डोकं ताटलीसारखं चपटं, ते ती बिळाच्या तोंडात बसवते की झालं दार बंद. एकीच्या पाठीवर मासे धरायच्या गळासारखे आकडे. ऑस्ट्रेलियातली एक करवतीसारख्या जबड्याची, उडी मारून चावणारी. एक काळीपांढरी, मखमलीची असावी तशी, मला फार आवडली होती. सर म्हणाले, "ती गाळ. ती मुंगीच नाही, बिनपंखांची गांधीलमाशी आहे." सहा निवडल्या. पाचवी पानं कापून वारुळात नेणारी, सहावी आफ्रिकेतली, लाखोंच्या फौजेने निघणारी.

मी चित्रं उतरवून आणली आणि वडिलांना दिली. एकेक मुंगी हातभर लांब करायची ठरलं. पाय टिकेनात. सगळे पाय मधल्या भागालाच हवेत आणि सगळा भार मागच्या पोटाचा. तारेचे केले, वाकले. शेवटी वडिलांनी आईची खराटी सोडली आणि तिच्यातल्या माडाच्या हिरांचे, कडक काड्यांचे, पाय केले.

"मुंग्या येऊ नयेत म्हनून मी हळद टाकत फिरते," आई म्हणाली, "आनि तुम्ही बापलेकी नव्या घडवा. तेही माझ्या खराटीच्या!"

शेजारचे कारागीर डोकावून जायचे. "काय हो, यंदा मुंगी बसवताय काय? दीड दिवसाची का पाच?"

वडील वर न बघता म्हणायचे, "माझी मुंगी पास होऊन येनार हाय. तुझा गनपती बुडून."

परीक्षेच्या सकाळी पेंढा भरलेल्या पाटीत मुंग्या ठेवून वडील स्वतः माझ्याबरोबर आले. पाटी मांडीवरून खाली ठेवली नाही त्यांनी. मला आत सोडून ते दाराबाहेर उभे राहिले.

मी एकेक मुंगी टेबलावर मांडली. सहावी काढली. तिला डोळे होते. पांढरा डोळा, काळं बुबुळ, वर पापणीची बारीक रेघ. गणपतीला असतात तसे, देखणे. आदल्या संध्याकाळी मी ती बिनडोळ्यांची ठेवली होती, कारण त्या जातीच्या कामकरी मुंगीला डोळेच नसतात. ती जन्माची आंधळी. हे मी वडिलांना सांगायलाच विसरले होते. सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी डोळ्यांची आखणी उरकली होती.

परीक्षक आले. मागच्या वर्षीचेच. पाच मुंग्या बघून सहाव्या मुंगीपाशी थांबले. इंग्रजीत म्हणाले, "आफ्रिकेतली ना ही? मग हिला डोळे कोणी दिले?"

मागचं वर्ष आठवलं. वाटलं, आता गप्प राहिले तर कायमची राहीन. म्हटलं, "सर, मराठीत सांगू?"

"सांग."

"चूक आहे सर. हिला डोळे नसतात. माझ्या वडिलांनी रंगवले. आमच्या जोह्यात डोळे उघडल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर काढत नाहीत."

ते मोठ्याने हसले. "कुठे आहेत वडील?"

दाराशी ऐकत उभे असलेले वडील आत आले, रिकामी पाटी छातीशी धरून. "सायेब, माझी चूक. मला वाटलं पोर डोळे काढायची इसरली. आंधळी हाय हे ठावंच नवतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग गो, येवढ्या लाखभर आंधळ्या चालतात कशा?"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "सांग त्यांना," म्हणाले.

मी सांगितलं. पुढची जमिनीवर वास टाकत जाते, मागची मिशांनी तो हुंगत येते.

"आनि म्होरचीच वाट चुकली तर?"

"तर मागच्या सगळ्या चुकतात. कधी कधी सगळी फौज गोल गोल फिरत राहते, मरेपर्यंत."

"घर कुठं त्यांचं?"

"कायमचं नाही. एका जागचं खाणं संपलं की अंडी, पिल्लं उचलून दुसरीकडे."

"आनि हा येवढा जबडा कशाला?"

"शिकार फाडायला. धरलं की सोडत नाही. तिकडचे लोक जखमेचे टाके घालायलाही ती लावतात म्हणे. चावली की मागचं धड तोडायचं, डोकं तसंच राहतं."

"आगं बाय बाय!" वडील म्हणाले.

मी बोलतच होते. वडील विचारत होते, कारागिराला पडतील तसे खरेखुरे प्रश्न, आणि मी खोलीत कोण आहे ते विसरून गेले होते. बाकीची मुलं आपापली टेबलं सोडून जवळ आली होती. केव्हातरी परीक्षकांनी हात वर केला. "पुरे. मला विचारायला यांनी काही ठेवलंच नाही." इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, मधाच्या मुंगीबद्दल. त्याचं उत्तर मी इंग्रजीत दिलं. मोडकं होतं, पण दिलं.

निघताना वडिलांनी खिशातून ओला फडका काढला आणि सहाव्या मुंगीचे डोळे पुसले. म्हणाले, "आता बरोबर."

निकाल लागला तेव्हा प्रॅक्टिकलला वर्गात सगळ्यांत जास्त गुण माझे होते. मी बी.एस्सी. झाले. वडिलांच्या आणि आईच्या, दोन्ही घराण्यांत पदवी मिळवणारी मी पहिली.