फौजदाराची शिस्त

बाबांच्या शर्टावरचा डाग पहिल्यांदा दिसला तो कासू स्टेशनवर, एका अनोळखी माणसाला.

तोपर्यंत बाबा पेणच्या घरातून निघाले होते, शेजाऱ्यांशी बोलले होते, प्लॅटफॉर्मवर दोन ओळखीच्यांबरोबर चहा प्यायले होते आणि रोह्याच्या गाडीत दाराशी उभे होते. त्यांची कंपनी रोह्याला, सकाळची शिफ्ट. कासूला उतरणारा माणूस जाता जाता म्हणाला, "सायेब, पाठीवर पाखरू शिटलंय. आजचं नाय वाटत, सुकलंय."

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी हे वाक्य आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं. डागाचं त्यांना एवढं काही वाटलं नव्हतं. 'आजचं नाय वाटत' हे लागलं होतं.

"म्हणजे लोकांना वाटणार, हा माणूस रोज एकच शर्ट घालतो."

"कालचाच होता," आई म्हणाली.

"तो मुद्दा नाही."

मुद्दा पडद्याच्या दांडीवर बसून पंख साफ करत होता.

फौजदार हा आमचा कॉकाटील, पोपटाचाच एक प्रकार. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर केशरी गोल. दादाने त्याला पनवेलच्या एका दुकानातून आणला, फौजदार असं नाव ठेवलं, आणि चार महिन्यांत स्वतः नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेला. जाताना मला म्हणाला, "तुझं आणि त्याचं जमेल. तूही कुणाशी बोलत नाहीस." (हे खरं आहे. पण फौजदाराशी मी बोलायचे. घरात कुणी नसेल तेव्हा.)

संध्याकाळी पिंजऱ्याचं दार उघडलं की फौजदार घरभर गस्त घालायचा. तेवढा वेळ पंखा बंद. आम्ही तिघं घामाघूम होऊन माना वर करून बसायचो, आणि तो जिथे जिथे बसेल तिथे पोचपावती ठेवून जायचा. टीव्हीवर, बाबांच्या हेल्मेटवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. एकदा तर संकष्टी नेमकी कधी आहे तेच दिसेना. आईचं म्हणणं, ओली असतानाच पुसावी. बाबांचं म्हणणं, सुकू द्यावी, मग खरवडावी. दोघांचा वाद होईपर्यंत ती सुकायची, त्यामुळे बाबांचं म्हणणं नेहमी खरं ठरायचं आणि खरवडायचं काम माझ्याकडे यायचं. मी एक बाद झालेलं एटीएम कार्ड त्यासाठी ठेवलं होतं. लाद्यांवर वर्तमानपत्रं अंथरलेली असायची. आमच्याकडे बातम्या वाकून वाचायची पद्धत पडली होती.

पण कासूनंतर बाबांनी रोह्याला आत्याला फोन लावला. स्पीकरवर.

"आक्का, तुला पक्षी हवाय का?"

"आन की. मना काय, एक तोंड वाढंल."

"आत्या," मी मध्येच म्हणाले, "तुझ्याकडे मांजरं आहेत ना?"

"तीन हायेत. पन गरीब हायेत गो. काय नाय करत."

"मागे तुझ्याकडे लव्हबर्ड्स होते."

"व्हते. गेले उडून."

"पिंजऱ्यातून?"

"व्हय. दार पन बंद व्हतं. त्याचंच तर मना नवल वाटतं."

फोन ठेवल्यावर मी बाबांकडे नुसती बघत राहिले. बोलून जे जमत नाही ते मला बघून जमतं. बाबा जरा विरघळले. "बरं. तुळशीच्या लग्नापर्यंत बघू. तोवर सुधारला तर ठीक, नाहीतर रोहा."

मी इंटरनेटवर शोधलं, एक व्हिडिओ सापडला. पक्ष्यांनाही सवय लावता येते म्हणे. तो बसायच्या बेतात दिसला (आधी दोन पावलं मागे सरकतो, मग खाली बसतो, मग शेपूट उचलतो, हे मला केव्हाच पाठ झालं होतं) की त्याला ठरलेल्या कागदावर ठेवायचं, एक ठरावीक शब्द मोठ्याने म्हणायचा, काम झालं की खाऊ द्यायचा. काही दिवसांनी तो शब्द ऐकला की पक्षी आपणहून मोकळा होतो.

अडचण शब्दाची होती. आमच्या इमारतीच्या भिंती अशा आहेत की शेजारी चहात साखर ढवळली तर आम्हाला ऐकू येतं. तिथे मी रोज बाल्कनीत उभी राहून काय ओरडणार? व्हिडिओतली बाई इंग्रजीत सांगत होती, पण ते आमच्या मजल्यावर सगळ्यांना समजलं असतं. आणि मराठीत या कामाला जो साधा सरळ शब्द आहे, तो आमच्या इंग्रजी शाळेत उच्चारला असता तर आई-बाबांना बोलावणं गेलं असतं. तेव्हा मी शब्दच वगळला. त्याऐवजी टाळी वाजवली. एक टाळी, एक काम, चिमूटभर राळे, म्हणजे त्याचं आवडतं बारीक धान्य.

फौजदार हुशार निघाला. पहिल्या आठवड्यात त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात टाळी वाजली की तो काम उरकून थेट माझ्या मनगटावर यायचा आणि राळे मागायचा. संध्याकाळी घरात मोकळं सोडण्याआधी मी त्याला जाळीच्या बाल्कनीत न्यायचे, दार लावून टाळी वाजवायचे आणि अधूनमधून पुन्हा. घर स्वच्छ झालं. कॅलेंडरवरच्या तारखा दिसू लागल्या.

हे मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? शिवाय बाबांनी परस्पर निकाल लावला होता.

"बघितलंस?" ते आईला म्हणाले. "मी त्या दिवशी जरा आवाज चढवला. जनावराला बरोबर कळतं."

आणि ते फौजदाराला खांद्यावर घेऊन घरभर फिरू लागले. पांढरा शर्ट घालून.

त्याच सुमारास आईच्या महिला भजनी मंडळाने रोह्याच्या भजनस्पर्धेत नाव दिलं. गवळण कोणी म्हणायची हे ठरायचं होतं. आई चार वर्षं मागच्या रांगेत कोरस म्हणत होती. यंदा प्रभाकाकू, म्हणजे मंडळाच्या प्रमुख, म्हणाल्या, "तुझ्या घरी बसू रविवारी. तुझी गवळण ऐकतो, मग बघू." आई तीन दिवस गार पाणी प्यायली नाही. लोणचं बंद. घरात आम्हाला सूचना सुरांत मिळू लागल्या.

रविवारी हॉलमध्ये पांढऱ्याशुभ्र चादरी अंथरल्या. पंधरा-वीस बायका दाटीवाटीने बसल्या. आत्याही रोह्याहून आली होती, हातात भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घेऊन. तुळशीचं लग्न झालं होतं आणि तिला कुणी काही कळवलं नव्हतं.

"गरज नाही आता," बाबा खांद्यावरच्या फौजदाराकडे मान वळवून म्हणाले. "सुधारला."

"माजी मांजरा वाट बगतायत रं."

"तेच," मी म्हणाले.

"बाबा, याला आत ठेवू का?" मी हळूच विचारलं.

"कशाला? बसू दे बाहेर. लोकांना दिसू दे, शिस्त काय असते."

सगळं सुरळीत झालं असतं. पण मंडळाचे टाळ देवळातल्या कपाटात होते, कपाटाची किल्ली पुजाऱ्यांकडे होती आणि पुजारी जिते गावाला पाहुण्यांकडे गेले होते.

"नायत तर नायत," प्रभाकाकू म्हणाल्या. "टाळ्यांवर घेऊ."

मला हे ऐकू आलं. अर्थही कळला. पण वीस बायकांसमोर तोंड उघडायचं म्हणजे मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि वाक्य जुळेपर्यंत आईने डोळे मिटून सूर लावला होता.

आई गायली फार सुंदर. फौजदार तुरा ताठ करून ऐकत होता. मग धृपद आलं, आणि वीस बायकांनी एकदम टाळी दिली.

फौजदार बाबांच्या खांद्यावर दोन पावलं मागे सरकला, बसला, शेपूट उचललं. बाबा प्रसन्न चेहऱ्याने मान डोलावत होते.

काम झालं म्हणजे खाऊ. त्याने टाळी वाजवणाऱ्याला शोधलं. टाळी वीसजणी वाजवत होत्या. तो आधी पहिल्या रांगेतल्या बाईंच्या मांडीवर गेला, राळे मिळाले नाहीत, उलट पुन्हा टाळी वाजली. हुकूम तो हुकूम. तिथून दुसरीच्या पर्सवर. पुन्हा टाळी. तिथून तिसरीच्या पदरावर. मला त्याची दया आली. इतकं प्रामाणिक काम करून पगार नाही.

"बगा बगा," प्रभाकाकू टाळी न थांबवता म्हणाल्या, "पाखरू कसं रंगलंय भजनात."

झालं. बायकांना आणखी हुरूप आला. त्याला बघत, त्याच्यासाठी म्हणून, सगळ्या दुप्पट लयीत टाळ्या वाजवू लागल्या. फौजदार गोंधळला, पण हटला नाही. तो प्रभाकाकूंच्या अंबाड्यावर, ताज्या गजऱ्यात उतरला आणि दोन पावलं मागे सरकला.

मी दारातून खुणा करत होते. हात हलवून, मान हलवून. एका काकूंना वाटलं मी ताल धरलाय. त्यांनी कौतुकाने मला पुढे बसायला बोलावलं.

प्रभाकाकू चिडून गेल्या तर आईची गवळण गेली. डाग दिसले तर फौजदार खोक्यात. आत्याचं लक्ष आता चादरीकडे गेलंच होतं. "गो बाय," ती पुटपुटली, "ह्यो तं..."

तेव्हा मी ओरडले. माझ्याकडे एवढा आवाज आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"टाळ्या बंद करा!"

सगळ्या थांबल्या. शेजारचा मिक्सरसुद्धा थांबला. फक्त आई, डोळे मिटलेलेच, शेवटचं कडवं तशीच संथपणे पूर्ण करत होती.

"का गो?" प्रभाकाकू शांतपणे म्हणाल्या. "भजन आवडत नाय?"

"इंग्लिश शाळा," मागून कुणीतरी कारण पुरवलं.

"नाही, तसं नाही. टाळी वाजली की तो... करतो."

"काय करतो?"

मला तो शब्द तेव्हाही उच्चारता आला नाही. मी फौजदाराला काकूंच्या गजऱ्यातून अलगद उचललं, चादरीवर वर्तमानपत्र ठेवलं, त्यावर त्याला उभं केलं आणि एक टाळी वाजवली.

वीस बायका वाकून बघू लागल्या. फौजदार दमला होता, त्याच्यात काही उरलंही नसावं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात हात जोडले. तो दोन पावलं मागे सरकला. बसला. शेपूट उचललं. काहीच नाही. मग, अगदी पिनेच्या टोकाएवढं, पण झालं.

आणि वीस बायकांनी कौतुकाने कडकडून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर काय झालं ते मी सांगत नाही. कागद होता एवढंच बरं.

मग प्रभाकाकूंनी हात हळूच अंबाड्याकडे नेला, बोटं डोळ्यांसमोर धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. आई आता डोळे उघडून पांढरी पडली होती.

"मघाशी," काकू सावकाश म्हणाल्या, "एवढा राडा चालला व्हता, ही पोरगी बोंबलली, टाळ्या थांबल्या. हिच्या आईचा सूर हलला?"

"नाय," आत्या म्हणाली.

"रोह्याला माईक बंद पडतो, लाईट जातो. मना अशीच बाई पायजे." आणि त्या हसायला लागल्या. अंबाडा हलेपर्यंत हसल्या. मग सगळ्याच हसल्या. पर्स, पदर, मांड्या एकमेकींना दाखवत हसल्या. आईला गवळण मिळाली.

राहिले बाबा. त्यांनी आत जाऊन शर्ट बदलला, बाहेर येऊन जुन्या शर्टाची पाठ सगळ्यांसमोर उलगडून पाहिली. आत्याने खोक्याचं झाकण उघडलं.

"म्हणजे माझ्या आवाजाचा काही संबंध नव्हता," बाबा म्हणाले.

मी सगळ्यांसमोर आणखी एक वाक्य बोलले. "बाबा, त्याने सांगितलं तेच केलं. प्रत्येक वेळी."

बाबांनी फौजदाराकडे पाहिलं. मग आईकडे, मग माझ्याकडे. "सांगितलेलं ऐकणारा," ते म्हणाले, "या घरात हा एकटाच आहे. राहू दे त्याला."

आत्या खोका रिकामा नेणाऱ्यांतली नाही. तिने तो पोह्याच्या पापडांनी भरून घेतला आणि मांजरांना काय सांगायचं याचा विचार करत स्टेशनवर गेली.

तेव्हापासून आमच्या घरात टाळी वाजवायची नाही असा नियम आहे. टीव्हीवर कुणाचा सत्कार असेल तर आवाज बंद करतात. गेल्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. केक आणला, शेजारी आले, आई, बाबा, प्रभाकाकू, सगळे हात मागे बांधून, माना खाली घालून, दबक्या आवाजात गाणं म्हणत उभे राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, घरात काहीतरी वाईट घडलंय. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांचे डोळे फौजदारावर होते.

इतका सुखाचा वाढदिवस माझ्या आयुष्यात आजवर झाला नव्हता.