पाण्याच्या दिवशीची पाळी

प्रमिलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. संभाजीनगरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण ही पुरवणी बाहेरगावीही वाचली जाते म्हणून सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी लग्न असो की मयत, घरातलं एक माणूस नळापाशी लागतंच. मी अंगणात हौदात नळी धरून उभी होते. ताईंचा मुलगा संतोष फोनवर म्हणाला, "बाई, आई गेली." हौद भरला, पाणी फाटकाखालून रस्त्यावर वाहायला लागलं. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. आमच्या गल्लीत पाणी वाया घालवण्याइतकं मोठं पाप नाही. मला ते दिसत होतं, ऐकू येत होतं, पण नळ बंद करायला हात उचलवत नव्हता.

आम्ही दोघी एका हेल्पलाइनवर काम करायचो. ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात त्यांनी फोन करावा, आम्ही ऐकावं, एवढंच ते काम. एका छोट्या संस्थेनं गुलमंडीत कापडाच्या दुकानावरची खोली घेतली होती. एक टेबल, एक फोन, खडखडणारा कूलर आणि खाली दिवसभर भाव करणारी गिऱ्हाइकं. मी शाळेतून निवृत्त झालेली, आणि सवय अशी की समोरचं माणूस थांबलं की आपण शिकवायला लागायचं. ताई टेलिफोन खात्यातल्या. तरुणपणी त्यांनी ट्रंक कॉल जोडून दिलेले. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "तिकडं ऐकायला अन् मधी बोलायला बंदी होती बाई, इथं सल्ला द्यायला. माझं निम्मं तोंड तर पहिल्यापासूनच बांधलेलं हाय. तुमचं लई अवघड दिसतंय." मला राग आला होता. खरं होतं म्हणूनच आला असावा.

त्याच दिवशी प्रत्येकानं इथं का आलो ते सांगायचं होतं. कुणी समाजसेवा म्हणालं, कुणी वेळ आहे म्हणालं. ताई सरळ म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावानं आत्महत्या केली. सिल्लोडला. घरात आम्ही सगळ्यांना अटॅक सांगतो. मी बी सांगते. इथं पहिल्यांदा खरं सांगितलं." आणि त्यांनी उठून पाण्याचा जार कूलरमध्ये रिता केला. भाऊ गेला त्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांना चहा देताना त्या प्रत्येकाला "अटॅक, अटॅक" सांगत होत्या, हे त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. "मेल्यावर बी त्याचं ऐकलं नाय आम्ही," म्हणाल्या.

ताईंचं काम बघून मी शिकले. शिकले म्हणजे काय, गप्प बसायला शिकले. त्या रिसीव्हर कानाला लावायच्या आणि "बोला, ऐकते मी" एवढंच म्हणायच्या. पलीकडचं माणूस सासूवर, परीक्षेवर, नवऱ्याच्या दारूवर बोलत राहायचं. मग जेवलात का विचारावं इतक्या साध्या आवाजात त्या विचारायच्या, "जीव द्यावा असं मनात येतं का?" पहिल्यांदा ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. असं विचारल्यानं मनात नसलेलं येईल, असं मलाही तुमच्यासारखंच वाटायचं. येत नाही. उलट पलीकडून एक मोठा श्वास सुटल्याचा आवाज येतो, तो मी पुढं अनेकदा ऐकला. आणि आमचा एक नियम होता... फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्यानं ठेवला की मगच. हा नियम ताईंच्या इतका अंगवळणी पडला की घरच्या फोनवरही त्या आधी ठेवायच्या नाहीत. मीही नाही. मग भाजीचे भाव बोलून झाल्यावर दोघी फोन धरून गप्प. "ठेवा की हो बाई." "तुम्ही ठेवा." दोन म्हाताऱ्यांचा हा खेळ बघून माझी सून हसायची.

आता ती वाईट दुपार सांगते. आमचं पाळ्यांचं वेळापत्रक पाण्याच्या हिशेबानं लागायचं. ज्याच्या कॉलनीत ज्या दिवशी पाणी, त्याला त्या दिवशी सुट्टी. दुसऱ्या कुठल्या शहरात ही गोष्ट कुणाच्या डोक्यातही येणार नाही. कुठंतरी जलवाहिनी फुटली, सगळ्या भागांचे दिवस पुढं सरकले, आणि दुपारच्या पाळीचे दोघंही आपापल्या नळापाशी अडकले. दुसरा बसला असेल, असं प्रत्येकाला वाटलं. खोलीला कुलूप. संध्याकाळच्या पाळीला ताईंनी दार उघडलं तर फोनच्या छोट्या पडद्यावर एकच नंबर पुन्हा पुन्हा आलेला दिसला.

उलट फोन करायचा नाही, हाही आमचा नियम. फोन घरात कुणाच्या हाती असेल सांगता येत नाही, आणि बाईमाणसानं कुठं फोन केला होता हे घरी कळलं तर तिची आणखी कुचंबणा व्हायची. ताईंनी तो नियम मोडला नाही. संपूर्ण पाळीभर त्या फोनकडे बघत बसल्या. नंबर परत आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर कितीतरी दिवस त्या वर्तमानपत्र उघडलं की आधी आतल्या पानावरच्या छोट्या बातम्या बघायच्या. काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. कदाचित काहीच झालं नसेल... पण त्या कदाचितवर झोप लागत नाही.

तेव्हापासून पाण्याच्या दिवशीची पाळी ताईंनी आपल्याकडे घेतली. कुणाचंही पाणी असो, जागा रिकामी राहिली की त्या जायच्या. स्वतःच्या पाण्याच्या दिवशीसुद्धा. शेजारच्या शाहीनभाभी त्यांना जिन्यात गाठून म्हणायच्या, "आपा, तुम जाव. पानी मैं भर लेती." आणि खरंच ताईंचे ड्रम भरून, वर झाकणं लावून ठेवायच्या.

मध्यंतरी संस्थेनं हेल्पलाइन बंद करायचं मनावर घेतलं. सरकारची मोठी लाइन आहे, मग आपण कशाला, असं एका विश्वस्तांचं म्हणणं. चांगला माणूस, पण त्यांनी विचारलं, "आजवर आपण वाचवले कुणाला? एक तरी दाखवा." दाखवणार कुठून? आम्ही नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. मी कायतरी लांबलचक बोलले. ताई शेवटी म्हणाल्या, "साहेब, पोलिओचा डोस घरोघर दिला तवा कुणी विचारलं का, कोणतं पोरगं लंगडं व्हायचं वाचलं म्हणून? जे झालंच नाय ते कसं दाखवू? सरकारची लाइन असू द्या, लई चांगली गोष्ट हाय. पण जीव टांगणीला लागल्यावर माणसाला आपल्या बोलीतलं माणूस लागतं. अन् नळासारखं आठवड्यातून एकदा येऊन चालत नाय." लाइन राहिली. विश्वस्त नंतर स्वतः महिन्यातून एक पाळी करू लागले, आणि ऐकण्यात माझ्यापेक्षा बरे निघाले.

खोकला त्यानंतर सुरू झाला. आधी धूळ, मग कूलरची हवा, मग ॲलर्जी, असं करत करत शेवटी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. किमो चालू असतानाही त्या गुलमंडीचा जिना धापा टाकत चढायच्या. मी चिडले. "लोकांचे जीव वाचवताय आणि स्वतःचा?" त्या म्हणाल्या, "मला जगायचंय बाई. म्हणून तर दवाखान्यात बी जाते अन् इथं बी येते." खोकल्याची उबळ आली की रिसीव्हर छातीशी दाबून धरायच्या, तरी पलीकडं ऐकू जायचंच.

शेवटचा फोन मी त्यांना दवाखान्यात केला. त्यांना बोलवत नव्हतं. मीच नळाचं, सुनेचं, कूलरच्या गवताचं बोलले आणि मग नेहमीसारखी गप्प राहिले. पलीकडं नुसता श्वास. थोड्या वेळानं फोन बंद झाला. इतक्या वर्षांत त्यांनी आधी ठेवलेला तो एकच फोन. मला तेव्हाच समजायला हवं होतं. समजलं होतंच, खरं तर.

भेटायला गेले तेव्हा माणसांनी ओसरी भरलेली होती. एका बाईनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नेमकं कशानं गेल्या हो? नाही, त्या तिथं असल्या फोनवर बसायच्या ना... मनावर परिणाम होतो म्हणतात." माझं डोकंच फिरलं. कॅन्सरनं गेल्या, असं मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की फोटोपाशी बसलेला संतोष वळून बघायला लागला. घरी येईपर्यंत मी मनात त्या बाईशी भांडत होते.

आणि मग काही दिवसांनी, दुपारी, मी पाळीला असताना फोन आला. एका बाईंचा आवाज. "त्या खोकायच्या त्या बाई हायत का?"

आम्ही एकमेकांची नावं फोनवर सांगत नाही. ताई बाहेरगावी गेल्यात, असं म्हणता आलं असतं. अटॅकसुद्धा म्हणता आला असता. मी म्हणाले, "नाहीत. त्या वारल्या."

तिनं विचारलं, "कशानं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, "खरं सांगा. सोताहून तर नाय ना?"

ओसरीवरच्या बाईचाच प्रश्न. पण या वेळी राग आला नाही. म्हणाले, "नाही. कॅन्सर होता. त्यांना जगायचं होतं. शेवटपर्यंत औषध घेत होत्या."

ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "मला वाटलं, आमचं ऐकून ऐकून त्या बी दमल्या असतील."

मी तिला रडू दिलं. मग विचारलं, "आज तुमच्या मनात जीव द्यायचं येतंय का?"

"सकाळी आलं व्हतं."

"आणि आत्ता?"

"आत्ता नाय सांगता येत."

"मग बोला. मी आहे."

ती काय बोलली ते इथं लिहिणार नाही. मध्येच माझा मोबाइल टेबलावर थरथरायला लागला. घरून सून फोन करत होती. पाणी आलं होतं. मी तो पालथा घातला. ओळखीतल्या कुणाला आत्ता जवळ बोलावता येईल, हे तिचं तिनंच शोधलं, बहिणीचं नाव काढलं. बऱ्याच वेळानं आवाज जरा सावरला. म्हणाली, "त्यांच्यावर पेपरात काही आलं व्हय?" नाही म्हटलं. "यायला पायजे. माझं बी सांगा त्यात. फकस्त गावाचं नाव नका घालू." पुढं ती बोलेना, मीही नाही. तिच्याकडं कुठंतरी शेळी ओरडत होती, माझ्याकडं खाली साड्यांचा भाव चालला होता.

"तुमी बी आधी ठेवत नाय व्हय?"

"नाही."

"त्या बी नव्हत्या ठेवत," ती म्हणाली, आणि मग तिनं फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. बहिणीकडं गेली असेल. बरी असेल. उलट फोन करायचा नाही हा नियम मी मोडणार नाही, ताईंनीही मोडला नव्हता. पण वर्तमानपत्र घरात कुणाच्याही हाती पडलं तरी बिघडत नाही. म्हणून हे लिहिलं. तुम्ही फोनवर सांगितलं होतं तसं गावाचं नाव घातलेलं नाही. दुपारी मी असते. पाण्याच्या दिवशीसुद्धा.