मागच्या स्पीकरचा नारळ

खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावलेत आमच्या शेजाऱ्याने. रेकॉर्ड लावली की मला मधोमध पाटावर बसवतो आणि स्वतः मागच्या स्पीकरला कान लावून उभा राहतो. पुढच्या गायकाशी त्याला देणंघेणं नाही. "मागून काय येतंय ते सांग रं," एवढंच.

यंदा आम्ही कर्जतच्या चौघा शौकिनांनी वर्षातल्या सर्वांत चांगल्या रेकॉर्डला मानाचा नारळ द्यायचं ठरवलं. आम्ही तिघांनी जी निवडली तिच्यात गाणं सगळं पुढच्या स्पीकरमधून यायचं, कोरस मागं नुसता कुजबुजायचा. चौथा हा शेजारी, तो भडकलाच.

"मागं काय मढी बसलीत? भजनात बुवा एकटाच गातो काय रं?"

"पण आवाज किती गोड आहे!" मीही चिडून म्हणालो.

"गोड हाय म्हणून मागच्यांचा गळा दाबायचा?"

हा जन्मभर कळंबच्या भजनात मागच्या ओळीत टाळ वाजवत आलेला. नारळ दर वेळी बुवांच्याच हातात.

त्याने रेकॉर्डपुढचा नारळ उचलला, मागच्या स्पीकरसमोर ठेवला आणि वाट अडवून उभा राहिला.

"जन्मात पहिल्यांदा नारळ मागं आलाय. आता हात लावून दाखवा!"