पंचविसावर थांबणारा काटा

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. समोर विजेची नवी कोरी स्कूटर आहे. तिचं मागचं चाक लोखंडी रोलरांवर चढवायचं, पुढचं घट्ट आवळायचं आणि मूठ शेवटपर्यंत पिळायची. नजर फक्त वेगाच्या काट्यावर. काटा ताशी पंचवीस किलोमीटरवर थांबला, की सीट उचलायची. आत एक जोडवायर असते. ती जोडलेली आहे तोवर गाडी त्याहून जोरात पळत नाही. त्या जोडावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे जोड सुटला की ठिपका फुटतो. काटा सव्विसावर गेला, तर गाडी परत. कारण एवढी हळू गाडी असेल तरच रोड टॅक्स नाही, नंबरप्लेट नाही, लायसन्सही नाही. सगळी सूट त्या एका ठिपक्याखाली.

तमिळ मुलखातल्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात हे काम अलकनंदा करायची, रोज चाळीस गाड्या. तंजावरी मराठी घरातली, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. तिचा ठिपका इतका रेखीव असे की लाइनवरचे लोक तिला ‘पोट्टू अक्का’ म्हणत, म्हणजे टिकलीवाली ताई.

२००८ सालच्या एका शनिवारी सकाळी कंपनीने विक्रेत्यांना बोलावलं. सरकारला पत्र पाठवायचं होतं. जोरात पळणाऱ्या विजेच्या गाड्यांनाही सूट मागा, असं काहींचं म्हणणं. दुसरे म्हणाले, नको, त्या नादात आहे तीही जाईल. लायसन्स लागलं तर म्हाताऱ्यांनी गाडी घ्यायचीच कशाला? शेवटी आहे तीच सूट राखायचं ठरलं. अलकनंदाने उठून ठामपणे सांगितलं की आपली गाडी पंचविसाच्या वर जात नाही, ठिपका साक्षीला आहे.

मागे बसलेला व्यंकट हसला. जॉर्ज टाउनजवळ त्याचं याच स्कूटरचं दुकान होतं. “अक्का, नव्या गाडीच्या पूजेला चाकाखाली लिंबू ठेवतो ना आपण? लिंबू चिरडलं की लगेच पुढचा नंबर तुमच्या ठिपक्याचा.”

सगळे हसले. तिला वाटलं, थट्टा आहे. पत्र पिशवीत घालून ती दुपारी घरी निघाली. गाडी पंचविसाच्या वर जात नाही, असं त्यात लिहिलं होतं; सोमवारी तपासणारी म्हणून तिला त्यावर सही करून द्यायची होती.

दारात अप्पांची स्कूटर उभी होती. तिचे वडील, दत्तोपंत, वय अडुसष्ट. मोतीबिंदूमुळे त्यांचं लायसन्स पुन्हा निघालं नव्हतं, म्हणूनच तिने ही गाडी घेऊन दिली होती. रोज सकाळी जॉर्ज टाउनला जुन्या सोबत्याच्या, गुंडोमामांच्या दुकानी कॉफी प्यायला जाणं, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. तिने सहज सीट उचलली.

ठिपका मधोमध फुटला होता. तिनेच दिलेला. जोड सुटा लोंबत होता. हातातली सीट खाली ठेवायचंही तिला सुचेना.

“सहा महिने झाले गे,” पायरीवरून अप्पा म्हणाले. “व्यंकटने ती वायर काढून दिली. तुझं नाव सांगितलं, तर पैसेही घेतले नाहीत त्याने.”

“अप्पा, किती जाते आता?”

“चाळीस. आधी पुलावर सायकलवाले विचारायचे, थाता, आजोबा, ढकलू का? आणि पाठीशी बस. हॉर्नवर हॉर्न.”

“आणि डोळे?”

“रस्ता पाठ आहे मला.”

तिने जोड पुन्हा बसवला.

“सरी, सरी,” ‘बरं, बरं’ असं अप्पा तमिळमध्ये पुटपुटले. “बसव हो. बसवाल्यालाही सांग मग, हळू ये म्हणून.”

तिने पत्र काढलं. सही केली, तर ते खोटं. खरं लिहिलं आणि सूट गेली, तर अप्पांना लायसन्स लागणार, आणि ते मिळायचं नाही. दोन वर्षांत दिलेले हजारो ठिपके तिच्या डोळ्यांपुढे आले. त्यांतला एक तरी शाबूत असेल का?

तिने सहीची जागा कोरी सोडली आणि खाली पेन्सिलीने एकच ओळ लिहिली: ही सूट कशासाठी आहे, गाडीला धूर नाही म्हणून, की तिला वेग नाही म्हणून?