आमचे बंबमामा

बंबमामांना मी कधी मांडी घालून जेवताना पाहिलं नाही. दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले, अंग पुढे झुकलेलं, असे उकिडवे बसून ते भाकरी मोडत. लग्नाच्या पंगतीत शेजारचे लोक ऐसपैस बसलेले असत आणि मधेच मामा, आता उठतील की मग उठतील असे. यजमान बिचारे ओशाळत. "मामा, नीट बसा की. पाट देऊ का दुसरा?" त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं, "घंटा झाली तर काय मांडी सोडवत बसू व्हय?"

घंटा म्हणजे आगीच्या बंबाची. मामा सोलापूरच्या अग्निशामक दलात होते. आमच्या अप्पांचं किराणा दुकान फायर ब्रिगेडच्या समोर आणि मामांची खोली तिच्या मागच्या अंगाला. नात्याने ते आमचे कोणी नव्हते. आम्ही घरात कानडी बोलणारे, ते जवळच्या कुंभारी गावचे मराठी बोलणारे. पण मामी आमच्या अव्वाकडे, म्हणजे आईकडे, शेंगाचटणी कुटायला येत आणि मामा अप्पांशी राजकारणावर भांडायला. बंबावरचे मामा म्हणून बंबमामा. त्यांचं खरं नाव गल्लीत कोणी विचारलं असतं तर आम्हाला आठवावं लागलं असतं.

सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. मी मॅट्रिक झाले आणि जो तो विचारू लागला, पुढे काय? मी सरळ सांगितलं, "बंबावर जाणार." अव्वा हसली, अप्पा हसले, दुकानात आलेली गिऱ्हाइकं हसली. मामा तेवढे हसले नाहीत. ते उठून गेले आणि आपलं शिरस्त्राण घेऊन आले. माझ्या डोक्यावर ठेवलं तर ते थेट नाकापर्यंत उतरलं.

"आधी ह्ये घालून दिवसभर घरातली कामं कर. मान दुखली न्हाय तर पुढचं बोलू."

मान भयंकर दुखली. मी तसं कबूल केलं नाही.

"मामा, मुलींना घेतात का हो?"

"आजून न्हाय घेत. पर इचारायला काय जातंय?"

आणि त्यांनी खरंच साहेबांना विचारलं. संध्याकाळी येऊन म्हणाले, "साहेब हसले. मला काय त्ये आवडलं न्हाय." मग साहेबांचा राग आल्यासारखे म्हणाले, "रविवारी सकाळी ये. शिडी कशी चढत्यात, दावतो."

शिडी भिंतीला टेकवलेली होती. सलवार घालून, वेणी खोचून मी चढले आणि चांगली भरभर चढले. खालून मामांच्या जोडीदारांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या पायरीवर पोचून मी खाली बघितलं. बोटं शिडीला चिकटली. खाली येता येईना. तेवढ्यात शिडी जराशी हलली आणि पाठीमागून मामांचा आवाज आला, अगदी दुकानात बसून बोलावं तसा.

"गिरजे, वरनं काय दिसतंय?"

"मामा, मला उतरता येत नाहीये."

"त्ये मी इचारलं न्हाय. काय दिसतंय?"

"गिरणीचं धुराडं."

"आनि?"

"तळं. आणि… अप्पांचं दुकान."

"अप्पा हायत का दुकानात?"

"आहेत. इकडेच बघतायत."

"आगं मग लौकर उतर की!"

मला असं काही हसू फुटलं की हसता हसता मी एकेक पाय खाली टाकत गेले. जमिनीला पाय लागले तेव्हा अप्पा समोर उभे होते. त्या दिवशी आम्हा दोघांनाही त्यांनी कानडीतून झाडलं. मामांना कानडी फारसं येत नसे, पण त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

माझ्या धंद्यात नंतर हीच युक्ती मी जन्मभर वापरली. माणूस घाबरला की त्याच्या भीतीबद्दल बोलायचं नाही, त्याच्या घरादाराबद्दल विचारायचं.

तो धंदा सापडला तोही मामांमुळेच. त्या वर्षी चादरींच्या एका कारखान्याला आग लागली. पाण्याच्या दाबाने पाइप हातातून निसटला आणि त्याचं पितळी तोंड मामांच्या तोंडावर बसलं. पुढचा एक दात अर्धा तुटला. आग विझवून ते घरी आले, रुमालाने तोंड पुसलं आणि महिनाभर तसेच हिंडले. भाकरी ताकात भिजवून खात. गाल सुजला तरी दातांच्या डॉक्टरांकडे जायचं नाव काढेनात. आगीत शिरणारा हा माणूस त्या खुर्चीला घाबरत होता. शेवटी मामी रडायला लागल्या तेव्हा म्हणाले, "जातो. पर गिरजा बरूबर यील तरच."

नव्या पेठेतले डॉक्टर वयस्क आणि शांत होते. मामांनी एका हाताने खुर्ची धरली, दुसऱ्याने माझं मनगट. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, छोटा आरसा तोंडात घातला आणि मी पुढे वाकून बघायला लागले. आत एक वेगळंच गाव होतं. मी विचारलं, "हे मागचे दात असे रुंद का?" डॉक्टरांनी सांगितलं. मी आणखी विचारलं. उरलेलं मूळ बाहेर निघालं तेव्हा ते निरखायला मी मामांचा हात सोडून दिला होता.

परतताना रिक्षात मामा तोंडातला कापूस सावरत बोलले, "माजा जीव जात हुता आनि तू दात मोजत हुतीस." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तुजं डोळं मी बगितलं. ह्येच कर तू."

अप्पांना हे पटणं कठीण होतं. मुलीने मुंबईला राहायचं, आणि कशासाठी, तर लोकांच्या तोंडात हात घालायला! "बेडा," म्हणजे नको, एवढंच ते म्हणत. एका सकाळी मामा पूर्ण गणवेश घालून, बूट चमकवून दुकानात आले.

"अप्पा, पोरगी बंबावर चढनार हुती. तितनं दातांवर आलीया. एवढी खाली उतरली की! आजून किती उतरवता तिला?"

अप्पांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते निसटलंच. त्या हसण्यावर मी मुंबईला गेले.

दातांची डॉक्टरीण होऊन परत आले आणि दवाखान्यासाठी जागा बघितली. मामा पाहणीला आले. खुर्ची, दिवा, भिंतीचा रंग, कशाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. "मागलं दार कुटं हाय?" ते नव्हतं. घरमालकाशी दोन दिवस वाद घालून त्यांनी भिंत फोडायला लावली आणि दार बसवून घेतलं. "आग लागली तर लोकं कुटनं पळनार?" देवाच्या दयेने तिथे कधी आग लागली नाही. मात्र एकदा मामांची दाढ दुखू लागली, मामींनी त्यांना आणून खुर्चीत बसवलं, मी हात धुवायला वळले आणि बघते तर खुर्ची रिकामी. मागचं दार हलत होतं.

मामा जाऊन आता खूप वर्षं झाली. झोपेतच गेले, कुणाला तसदी न देता. पण त्यांची आठवण निघाली की मला त्यांच्या निवृत्तीचा दिवस दिसतो. जोडीदारांनी बंब धुऊन पुसून लखलखीत केला होता. साहेबांची परवानगी काढून ते मामांना बंबावर बसवून कुंभारीला सोडायला निघाले. मामी आणि मी मागून रिक्षात. मामांनी बजावून ठेवलं होतं, घंटा वाजवायची नाही. गाव दिसू लागलं आणि ड्रायव्हरला राहवलं नाही. त्याने घंटा जी धरली ती सोडलीच नाही.

गावाला वाटलं, आग लागली. शेतांतून, घरांतून माणसं धावत सुटली. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या कळशी. एक म्हातारी तर हाताला लागली म्हणून ताकाचीच घागर घेऊन पळत आली. बंब थांबला. सगळे धापा टाकत भोवती उभे, आणि वर हार घातलेले मामा.

"आग कुटं हाय?" कुणीतरी ओरडलं.

"न्हाय रं बाबांनो, कुटंच न्हाय," मामा म्हणाले. ते खाली उतरले, बंबाच्या पायरीवर बसले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. लोक घाबरले. मी पुढे होऊन विचारलं, "काय झालं, मामा?"

त्यांनी त्या बादल्यांकडे बोट केलं.

"जलमभर मी दुसऱ्याच्या घंटंला पळालो, गिरजे. माज्या घंटंला बी येवढी मानसं पळत्यात, ह्ये आज कळलं बग."